डाव्या हातावरचा बिबा

माझी मावसबहीण माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठी. एवढ्याशा फरकासाठी मला लहानपणापासून तिला ताई म्हणावं लागलं. सुरगाण्याच्या पुढे डोंगरात आमचा पाडा. तिचं घर वरच्या अंगाला, माझं खालच्या. आश्रमशाळेच्या हजेरीत तिचं नाव आधी, जेवणाच्या रांगेत ती पुढे. दहावीला मात्र माझे गुण जास्त आले. ते मी तिला कधी विसरू दिलं नाही आणि तिनं ते कधी मनावर घेतलं नाही. तिचं हे मनावर न घेणंच मला सगळ्यात जास्त लागायचं.

कॉलेजपर्यंत पोचलेल्या आमच्या घरांतल्या आम्ही दोघीच पहिल्या. नाशिकला सरकारी वसतिगृहात आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. शास्त्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या फळ्यावर एक कागद लागला. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजात खेड्यातून आलेल्या एका मुलीला एक सत्र शिकायला मिळणार होतं. जायचं जानेवारीत, खर्च सगळा त्यांचा.

मुलाखतीसाठी मी पर्यावरणावर पानभर इंग्रजी पाठ केलं होतं. ते मी न अडखळता म्हणून दाखवलं. समोरच्या तिघांनी माना हलवल्या. नंतर ताई आत गेली. मी बाहेर बाकावर बसले होते आणि आतून हसण्याचा आवाज आला. एकदा नाही, दोन-तीनदा.

ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस एवढं?"

"नागली कशी लावतात ते. इंग्रजी संपलं मंग हातानं करून दाखवलं. त्या गोऱ्या बाईनं उठून माझ्यासंगं लावणी केली ना."

यादी लागली तेव्हा वर तिचं नाव होतं. खाली माझं, आणि त्याच्यापुढे 'राखीव'. आम्हाला बोलावून कॉलेजातल्या, हे काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "दोघींचेही कागद पूर्ण करायचे. हिचं काही अडलं तर तुला पाठवू. वेळ फार थोडा आहे, तेव्हा कुठंही चूक नको."

काही अडलं तर. हे तीन शब्द मी वसतिगृहापर्यंत मनात म्हणत गेले. वाटेत तिनं माझ्यासाठी पेरू घेतला. तो मी खाल्ला. गोड होता, याचाही राग आला.

आठवड्याभरात तिकडून आरोग्याचा फॉर्म आला. आम्हाला वाटलं होतं, पासपोर्ट झाला की झालं. पण त्या कॉलेजला आमच्या शरीराबद्दल जितकं जाणून घ्यायचं होतं तितकं आमच्या घरच्यांनीही कधी विचारलं नव्हतं. गोवर झाला होता का, गालगुंड झालं होतं का, झालं असेल तर तारीख. लहानपणी कोणत्या लसी दिल्या, त्यांच्या तारखा. आईवडिलांची संमती. आणि शेवटी ठळक अक्षरांत, टीबीच्या चाचणीचा निकाल. त्याशिवाय प्रवेश नाही.

फॉर्म मी वाचायची, ती उत्तरं द्यायची.

"ताई, गोवर कधी झाला तुला?"

"भाताची लावणी चालू होती तेव्हा. आई मला घरात ठेवून गेलेली."

"तारीख पाहिजे. लावणी काय लिहू?"

"लिही की. त्या बाईला कळंल, तिनं केलीय लावणी."

मी हसले नाही. हसू आलं होतं, तरी दाबलं.

कॉलेज रोडवर एका डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. मॅडमनी चिठ्ठी देऊन आम्हाला तिथं पाठवलं. बाई वयस्कर, बोलायला कडक, पण फॉर्मवरच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचणाऱ्या. लहानपणच्या लसींचे कागद आमच्याकडे नव्हतेच, तेव्हा त्यांनी गोवर-गालगुंडाची लस दोघींच्या दंडावर नव्यानं टोचली. मग डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपराच्या मध्ये, अगदी बारीक सुईनं टीबीच्या चाचणीचं औषध कातडीत भरलं. छोटासा फुगवटा आला. त्याभोवती त्यांनी निळ्या पेनानं गोल काढला, आधी तिच्या हातावर, मग माझ्या.

"आज शनिवार. सोमवारी दाखवायला या. किती फुगलंय ते मी मोजणार. जास्त फुगलं म्हणजे टीबीचा संशय. मग एक्स-रे, मग बाकीच्या तपासण्या, आणि त्यात महिना जाईल. तुमच्या फॉर्मला तेवढा वेळ नाही. म्हणून नीट ऐका. खाजवायचं नाही, चोळायचं नाही, काही लावायचं नाही."

सूचनांचा कागदही त्यांनी दिला. तो मी घडी करून पर्समध्ये ठेवला. बाहेर आल्यावर मी माझा हात बघितला आणि नंतर तिचा. तिचा फुगवटा माझ्यापेक्षा थोडा मोठा आहे, असं मला वाटलं. खरंच होता की मला तसं हवं होतं, ते आता सांगता येणार नाही.

संमतीसाठी घरी जाणं भाग होतं. भाताची कापणी संपत आली होती. ती संपली की दोन्ही घरची माणसं द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे निघणार, मग सापडायची नाहीत. म्हणून त्याच दुपारी आम्ही एसटीनं सुरगाण्याला गेलो आणि तिथून जीपनं पाड्यावर. जीपमध्ये एक म्हातारा तिच्या हातावरचा गोल बघून म्हणाला, "पोरी, हे काय काढलंय?"

"अमेरिकेचा शिक्का हाय बाबा."

"आन् हिच्या हातावर बी हाय की. ही बी जाती का?"

"ती राखीव हाय," ताई म्हणाली. तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती. पण जीपमधल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी ओढणी हातावर ओढून घेतली.

रविवारी मी माझ्या घरी होते. वडिलांनी संमतीच्या कागदावर अंगठा उठवला. आई म्हणाली, "ती नाय गेली तर तू जाशील का?" मी हो म्हटलं. "मंग ती जाऊ दे," आई म्हणाली, "तुला थंडी सोसत नाय." तिनं हे मायेनं म्हटलं. मी मात्र दिवसभर तिच्याशी धड बोलले नाही. वरच्या अंगाला ताईच्या घरी माणसांची ये-जा दिसत होती. सगळा पाडा तिला बघायला जात होता.

सोमवारी पहाटेची जीप पकडली. गारठा होता, तिनं लांब बाह्यांचा स्वेटर घातला होता आणि डावा हात मांडीवर जपून ठेवला होता.

"दुखतोय का?"

"काय नाय."

"दाखव."

"काय नाय म्हनलं ना."

एसटीतही ती खिडकीकडे तोंड करून बसली. एवढ्या लांबच्या प्रवासात ती एकदाही हसली नाही, असं पहिल्यांदाच झालं. तिच्या हाताला काहीतरी झालंय, हे मला कळलं. मला जे वाटलं ती काळजी नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आधी माझा हात घेतला. बोटानं चाचपून बघितला, पट्टी ठेवली, उचलली. "काहीच नाही. छान," म्हणून माझ्या फॉर्मवर शून्य लिहिलं आणि सही केली. माझा फॉर्म पूर्ण झाला होता. त्यात कुठं खाडाखोड नव्हती.

मग तिनं स्वेटरची बाही वर केली.

निळा गोल कुठं दिसतच नव्हता. त्या जागी पाण्यानं भरलेला मोठा फोड होता. मधोमध काळा डाग, आणि भोवती थेट मनगटापर्यंत लाली.

"अगं बाई गं!" डॉक्टरबाई खुर्चीतून पुढे झाल्या. पट्टी लावून बघितली, पुन्हा लावली. "घरात कुणाला खोकला आहे? रात्री ताप येतो? वजन उतरलंय?"

ताई मान खाली घालून नाही, नाही म्हणत होती.

"एवढी प्रतिक्रिया मी क्वचित बघितली आहे. आता एक्स-रे करावा लागेल. शुक्रवारपर्यंत फॉर्म फॅक्स व्हायला पाहिजे ना तुमचा? मग यावेळी तुझं काही जमेल असं वाटत नाही, बाळा." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, पण मला ते पुरेसं होतं.

तो काळा डाग कशाचा आहे, हे मी बाही वर झाली तेव्हाच ओळखलं होतं. आमच्याकडे पायात काटा मोडला की बिबा घालतात. बिब्याचं फळ सुईला टोचून दिव्यावर धरायचं, तेल सुटलं की त्याचा थेंब काट्याच्या जागी टेकवायचा. चटका बसतो, फोड येतो, पण काटा पिकत नाही. आमच्या सगळ्यांच्या तळपायांना त्याचे काळे डाग होते. मावशीनं लेकीच्या हातावर सुई टोचल्याची सूज बघितली असणार आणि काट्याला करतात तेच केलं असणार.

ताई हे सांगत का नव्हती, तेही मला कळत होतं. काही लावायचं नाही, असं बजावलं होतं. आईनं लावलं म्हटलं तर आई अडाणी ठरणार, आणि नियम मोडला म्हणून आपलं नाव कटणार, असं तिला वाटत होतं.

मलाही तसंच वाटलं. गप्प बसले असते तरी तिचं नाव कटतच होतं, पण तिचा एक्स-रे स्वच्छ निघाला तर? मॅडमनी तिकडे फोन करून मुदत मागून घेतली तर? नियम मोडला म्हटल्यावर मात्र कुणाला काही बोलता येणार नाही. हे सगळं मनात आलं. आणि त्याच वेळी तिला टीबी आहे असं समजून डॉक्टरबाई तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती नजरही मला सहन झाली नाही. यातलं कोणतं आधी आलं, ते मला खरंच माहीत नाही.

मी म्हटलं, "बाई, तो बिबा आहे."

"काय?"

"बिबा घातलाय तिच्या आईनं. काटा टोचल्यासारखं वाटलं असेल त्यांना."

ताईनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरबाईंनी पट्टी टेबलावर टाकली. "मी काही लावू नका म्हणून सांगितलं होतं की नाही? लिहून दिलं होतं की नाही? शिकलेल्या मुली तुम्ही!"

झालं, असं मला वाटलं. माझे कान तापले.

मग बाईंनी फोडाकडे परत एकदा वाकून बघितलं, आणि त्यांचा आवाज बदलला. "बिबाच आहे. माझ्या आजीच्या पायाला असे डाग होते. मग ह्यात मी वाचू काय? ही चाचणी धरताच येणार नाही." त्यांनी ताईच्या फॉर्मवर काहीच लिहिलं नाही. कपाटातून नवी सुई काढली. "उजवा हात दे. आज परत टोचते. गुरुवारी दाखव. शुक्रवारी फॅक्स जाईल."

फोडाला मलम लावून घेऊन आम्ही बाहेर आलो. रस्त्याच्या कडेनं चालत राहिलो. शेवटी मीच म्हटलं, "तुला वाचवायला नाही बोलले मी."

"माहीत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"तुझे कान लाल झालेले. शाळेत माझी तक्रार करायला उभी राहायचीस तेव्हा असेच व्हायचे." ती सकाळपासून पहिल्यांदा हसली. "पन बोललीस ना. माझ्यानं तर तोंड उघडंना."

वसतिगृहात तिनं उजवा हात माझ्यासमोर धरला. त्यावर नवा निळा गोल होता. "आता गुरुवारपर्यंत हा तू राखायचा."

"मी का?"

"माझ्या हातावर तुझ्याएवढं ध्यान कोणाचं हाय?"

हे तिनं चेष्टेत म्हटलं. मी खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. पण खरंच तिच्या हातावर माझ्याएवढं ध्यान कुणाचंच नव्हतं. वर्गात मी तिच्या उजवीकडे बसायला लागले. तिचा डावा हात नकळत गोलाकडे गेला की मी चापट मारायची. तिनं कपडे धुवायला घेतले तर साबण काढून घ्यायची. आणि दर थोड्या वेळानं बाही वर करून बघायची, फुगलंय का. फुगलेलं असावं, असं दर वेळी वाटायचं. मग चापट का मारत होते, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

बुधवारी दुपारी शिपाई सांगत आला, फाटकाशी कुणीतरी आलंय. मावशी होती. दिंडोरीच्या बागेत कामाला आलेल्या टोळीबरोबर ती आली होती आणि मुकादमाला सांगून लेकीला बघायला एसटीनं नाशिकला पोचली होती. पाय धुळीनं भरलेले, हातात फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकरी.

"हात बरा झाला का गं?" तिनं आधी तेच विचारलं.

ताईनं डावा हात दाखवला. फोड बसला होता, कातडी काळी पडली होती. "बघ, बसला का नाय," मावशी खूश होऊन म्हणाली. मग तिचं लक्ष उजव्या हाताकडे गेलं. गोलाच्या मधे कालपासून थोडी लाली होती. "हितं बी टोचलं? अगं, किती टोचत्यात पोरीला! थांब."

तिनं कमरेची पिशवी सोडली. सुपारी, चुना, आणि त्याच्या खालून काळा बिबा निघाला. "वसतिगृहात दिवा हाय ना? आन जा."

"आई, नको," ताई म्हणाली. "डॉक्टरीण रागवली."

"तिला काय कळतंय? काटा पिकला म्हंजे?" मावशीनं लेकीचं मनगट धरलं. बागेत काम करणारा तो हात, त्यातून ताईला सुटता येईना. तिनं माझ्याकडे बघितलं.

माझा स्वच्छ फॉर्म माझ्या ट्रंकेत होता. मला काही करायचंच नव्हतं, नुसतं बाजूला उभं राहायचं होतं. ताईनं ओरडाओरड केली असती, कदाचित सुटलीही असती, कदाचित नाही. मी तिथं उभी राहिले ती मावशीच्या हातातल्या त्या बिब्याकडे बघत. मग मी दोघींच्या मधे शिरले आणि मावशीचा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मावशी, इथं बिबा घातला तर ताईला जाता येणार नाही. ह्या सुजेवरच सगळं आहे. डॉक्टरबाई ती मोजणार आहेत."

"सूज मोजत्यात?"

"हो."

मावशीनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग बिबा परत पिशवीत टाकला. "असलं कसलं गाव ते," ती म्हणाली. "सूज मोजून घरात घेत्यात." मग माझा हात ओढून तिनं उलटा करून बघितला. माझ्या हातावर गोलाची नुसती फिकट रेघ उरली होती. "तुझं तर कायच नाय. मंग तू बी जानार ना हिच्या संगट?"

"नाही मावशी."

"का गं? हातावर तर कायच नाय तुझ्या."

ताईनं भाकरीचं फडकं सोडलं आणि आम्ही तिघी फाटकाजवळच्या पारावर बसून जेवलो.

गुरुवारी डॉक्टरबाईंनी उजवा हात चाचपला. थोडं फुगलं होतं, पण त्यांच्या हद्दीच्या बरंच आत. त्यांनी आकडा लिहिला, सही केली, शिक्का मारला. शुक्रवारी कॉलेजच्या ऑफिसातून फॅक्स गेला. माझाही फॉर्म मॅडमनी मागितला होता. तो त्यांनी मला परत दिला. "सांभाळून ठेव," त्या म्हणाल्या. तो मी परत ट्रंकेत ठेवला.

जानेवारीत ती गेली. शेजारच्या खाटेवर पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. मी रोज सकाळी उठल्यावर तिकडे आता किती वाजले असतील याचा हिशोब करायची आणि तो मनापासून नकोसा वाटायचा.

तिचं पत्र आलं तेव्हा बागेत काढणी जोरात होती. दिंडोरीला जाऊन मी ते मावशीला वाचून दाखवलं. बर्फ, बसमधली गरम हवा, चव नसलेला भात. खाली तिनं लिहिलं होतं, "इथं आल्या आल्या कॉलेजच्या दवाखान्यात परत सगळं तपासलं. डाव्या हातावरचा काळा डाग बघून नर्सनं आणखी दोघींना बोलावलं. हे काय आहे, विचारत होत्या. मला बिब्याचं इंग्रजी येईना. पायात काटा मोडल्याचं नाटक करून दाखवलं, तर त्यांनी माझा पायच तपासला. तू असतीस तर सांगितलं असतंस."

मावशी हसता हसता थांबली. "मंग सांग ना तिला. लिहून धाड."

बिब्याचं इंग्रजी मलाही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात वनस्पतिशास्त्राच्या जाड पुस्तकात शोधलं. चित्र होतं, खाली इंग्रजी आणि लॅटिन नाव होतं. निळ्या आंतरदेशीय पत्रासारखंच, पण परदेशी जाणारं जे हवाई पत्र मिळतं, ते पोस्टातून आणलं आणि वर ते नाव लिहिलं. स्पेलिंग दोनदा तपासलं. खाली जवळजवळ सगळा कागद कोरा होता. खुशाल आहे असं लिहिणं खोटं वाटत होतं, आणि खरं लिहायचं म्हटलं तर ते तिला आधीच माहीत होतं.

दोन दिवस ते पत्र उशीखाली राहिलं. मग मी खाली एवढंच लिहिलं, "ताई, तिथलं सगळं मला कळव. काही वगळू नकोस." आणि पोस्टात टाकून आले.